वर्गातही भरवू या शेतीशाळा

शेतीशाळा हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा, भात अशा पिकांच्या शेतीशाळा गावोगाव झाल्या आहेत. तुमच्यापैकी बरेच जण त्यात बसले असतील. बसले म्हणण्यापेक्षा शेतात फिरले असतील, पान उलटून पाहिले असेल, कागदावर किडीचे वेडेवाकडे चित्र काढले असेल आणि फवारायचे की थांबायचे यावर आपल्याच भावकीशी वादही घातला असेल.

आजचा लेख मात्र पिकाचा नाही. तुमची मुले ज्या शाळेत जातात, त्या शाळेतल्या वर्गाचा आहे. कृषी खात्याच्या माणसाने मास्तरांच्या कामात कशाला तोंड घालावे, असे कुणी म्हणेल. पण शिकवण्याचे काम आम्हालाही करावे लागते, आणि तेही पन्नाशी-साठीच्या माणसांना, ज्यांना आमच्यापेक्षा शेती जास्त कळते. नुसते भाषण दिले तर अशी मंडळी दहा मिनिटांत तंबाखू मळायला लागतात. त्यांना शिकवताना जी रीत उपयोगी पडली, ती लहानांच्या वर्गात का चालू नये, हा साधा प्रश्न आहे.

प्रश्नामागे कारणही आहे. सातवीतला मुलगा शेकडेवारीची गणिते वहीत बरोबर सोडवतो. पण घरात बियाण्याचे पोते उभे आहे, १०० दाण्यांपैकी ६४ उगवले, तर एकरी बियाणे किती वाढवावे, असे विचारले की तो गप्प होतो. औषधाच्या डब्यावर १० लिटर पाण्याला ५ मिली लिहिलेले असते, आपला पंप असतो १५ लिटरचा. साडेसात मिली हे उत्तर वहीत येते, बांधावर येत नाही. मुलगा ढ आहे असे नाही. त्याला गणित ऐकवले गेले, पण त्या गणिताने एखादी वस्तू मोजायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. उद्या हाच मुलगा शेती करणार, दुकान चालवणार किंवा नोकरीला जाणार. त्याला मोजता येते की नाही, यावर घरचा पैसा अवलंबून आहे.

शेतीशाळा आली कुठून

शेतीशाळेची सुरुवात इंडोनेशियात झाली. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे एवढे माजले, की पीकच्या पीक करपू लागले. फवारण्या वाढवल्या तसा तुडतुडा कमी न होता वाढतच गेला, कारण औषधाने त्याला खाणारे कोळी आणि मित्रकीटक आधी मरत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकरी शिकत नाही. औषध नाही तर काय करायचे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटायला हवे होते. म्हणून १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतातच शाळा भरवायला सुरुवात झाली. आज ही पद्धत नव्वदहून अधिक देशांत पोचली आहे. आपल्या राज्यात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा हल्ला झाला. त्यानंतर २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पातून किडींचे सर्वेक्षण सुरू झाले आणि पुढे शेतीशाळांनाही जोर आला.

शेतीशाळेची रीत अशी. पंचवीस-तीस शेतकरी, चार-पाच जणांचे गट. ठरलेल्या दिवशी सकाळी प्रत्येक गट शेतात जातो, ठराविक झाडे निवडतो, किडी मोजतो, मित्रकीटक मोजतो, झाडाची उंची आणि जमिनीतली ओल पाहतो. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढतो. एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक आणि खाली गटाचा निर्णय. प्रत्येक गटाचा एक जण उभा राहून तो निर्णय मांडतो, बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. शेवटी आमच्यासारखा माणूस राहिलेले समजावतो. म्हणजे बोलायची पाळी आमचीही येते, पण ती सर्वांत शेवटी.

प्रश्नाला प्रश्नच

या पद्धतीत शिकवणाऱ्यासाठी एक नियम आहे. शेतकऱ्याने किडा हातात धरून ‘साहेब, हा कोणता?’ असे विचारले, तर लगेच नाव सांगायचे नाही. उलट विचारायचे: तुम्हाला हा कुठे सापडला? पानाच्या वर होता की खाली? तो काय करत होता? असे किती दिसले? चार प्रश्न झाले की बहुतेक वेळा शेतकरीच सांगतो, ‘हा मावा खात होता, म्हणजे आपल्या कामाचा दिसतोय.’ नाव सांगून टाकले असते तर ते संध्याकाळपर्यंत विसरले असते. स्वतः काढलेले अनुमान माणूस विसरत नाही.

आता हाच नियम वर्गात लावून पाहा. गुरुजी प्रश्न विचारतात आणि पुढच्या बाकावरचा ठरलेला मुलगा पटकन उत्तर देतो. बाकीचे पस्तीस जण सुटले. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतले ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. थांबणे तीन सेकंद किंवा थोडे जास्त केले, तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. याला ना पैसा लागतो, ना सामान. मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे, एवढेच.

दुसरी रीत तितकीच सोपी आहे. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजारच्याशी दोन मिनिटे बोलायचे आणि त्यानंतर सगळ्यांसमोर सांगायचे. ही पद्धत १९८१ साली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी मांडली. आपल्या पारावर रोज हेच चालते. फरक एवढाच, की वर्गात प्रत्येकाला बोलावेच लागते, भिंतीला टेकून नुसते ऐकता येत नाही.

अभ्यास काय सांगतो

प्रशिक्षणात एक तक्ता हमखास दाखवला जातो: ऐकलेले इतके टक्के लक्षात राहते, पाहिलेले इतके आणि केलेले ९० टक्के. ऐकायला छान वाटते, पण त्या आकड्यांना कोणत्याही खऱ्या अभ्यासाचा आधार नाही. तेव्हा ते सोडून द्या. खरे आकडे वेगळे आहेत आणि तेही पुरेसे बोलके आहेत.

२०१४ साली अमेरिकेत विज्ञान, तंत्रज्ञान व गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के निघाले, तर मुलांना वर्गातच काम, चर्चा आणि प्रश्न सोडवायला देणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. आकडे महाविद्यालयाचे आहेत, आपल्या पाचवी-सातवीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे.

२०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातला आणखी एक अभ्यास आला, तो पालकांनी जरूर ध्यानात ठेवावा. तिथे काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान दिले आणि काहींना तोच भाग गटात स्वतः सोडवायला लावला. सोडवणारे चाचणीत पुढे गेले. पण ‘किती शिकलो असे वाटते?’ या प्रश्नावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनीच आपण जास्त शिकलो असे सांगितले. म्हणजे सरळ ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, डोके खाजवताना काहीच येत नाही असे वाटते, आणि शिकणे मात्र डोके खाजवतानाच होत असते. तेव्हा ‘आज शाळेत गुरुजींनी काही शिकवलंच नाही, नुसतं मोजायला लावलं’ असे पोर घरी येऊन म्हणाले, तर लगेच शाळेत भांडायला जाऊ नका. काय मोजले, ते आधी विचारा.

पहिला धडा: शंभर दाणे

आता प्रत्यक्ष धड्यांकडे वळू. मे महिन्यात आम्ही घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला सांगतो. शाळांना तेव्हा सुट्टी असते, म्हणून शाळेने हा प्रयोग एप्रिलमध्ये करावा. रब्बीत हरभऱ्यावर किंवा गव्हावरही करता येतो.

एका पोत्यातले घरचे बियाणे वर, मध्ये आणि तळाशी हात घालून काढायचे. चार गट, प्रत्येक गटाला मोजून १०० दाणे. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. गोणपाट रोज ओले ठेवायचे, पण पाणी निथळत राहील इतके ओतायचे नाही. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे.

समजा चार गटांचे आकडे ६८, ७४, ७१ आणि ६३ आले. बेरीज २७६, सरासरी ६९ टक्के. इथे शेकडेवारी, सरासरी आणि नमुना म्हणजे काय, हे तिन्ही धडे एका गोणपाटात आले. पण खरी मजा पुढे आहे. पोते एकच, मग एका गटाचे ७४ आणि दुसऱ्याचे ६३ का? कुणी म्हणेल आमचे दाणे तळातले होते, कुणी म्हणेल त्यांनी पाणी जास्त घातले. एखादी मुलगी दाणा जवळून पाहून सांगेल, की याची टरफले तडकलेली आहेत. मग गुरुजींनी सांगावे, की सोयाबीनचे टरफल फार पातळ असते, मळणी यंत्राचा वेग जास्त झाला किंवा पोती उंचावरून आपटली तर आतला कोंब दुखावतो.

त्यानंतर फळ्यावर हिशेब. उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणे धरतात. त्याखाली दर एक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे. म्हणजे ६९ ला साडेतीस, ६४ ला ३३ आणि ६० ला ३५ किलो. ६० च्याही खाली गेले तर ते बियाणे पेरूच नये. पाच एकरवाल्याला ६० टक्क्यांच्या बियाण्याला २५ किलो जादा लागते, हे पोराने स्वतः काढले की ते गणित तो घरी जाऊन सांगणारच. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग पडला होता आणि कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हा हा धडा परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा मोठा आहे.

एक सक्त सूचना. बाजारातल्या पिशवीतले रंगीत, औषध चोळलेले बियाणे मुलांच्या हाती अजिबात द्यायचे नाही. बीजप्रक्रिया न केलेले घरचे बियाणेच वापरावे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

दुसरा धडा: पावसाचे माप

सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा घ्या. छपरापासून आणि झाडापासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहा, डबा रिकामा करा. हवामान खातेही सकाळी साडेआठलाच नोंद घेते. प्रत्येक आठवड्याला दोन मुले पाऊस मोजणारी, दोन मुले आलेख काढणारी. सुट्टीच्या दिवसासाठी शाळेजवळ राहणारा मुलगा नेमा.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे एकदा करून दाखवले की पुढची सगळी गणिते मुले करतात. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर, पाऊस २५ मिमी, तर छपरावर पडले २५०० लिटर. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर, तर त्याच पावसात एकरावर पडले एक लाख लिटरहून थोडे जास्त, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. हे पाणी गेले कुठे? मुरले किती, वाहिले किती? बांध कशासाठी घालतात? या प्रश्नांवर भूगोलाचा तास संपला तरी चर्चा संपत नाही.

मोठ्यांनाही याचा उपयोग आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. पण आपल्या शिवारात नक्की किती झाला, हे सांगणार कोण? मंडळातले यंत्र दहा किलोमीटर लांब असते आणि पाऊस एका बांधावर पडतो तर दुसऱ्यावर नाही. शाळेच्या फलकावर रोज आकडा लिहिला, तर पेरणीची घाई करणारा चार दिवस थांबेल. एवढे मात्र लक्षात ठेवा, की अतिवृष्टीसाठी सरकार मंडळातल्या यंत्राची २४ तासांतली ६५ मिमीची नोंद धरते. शाळेचा आकडा पंचनाम्याला किंवा विम्याला चालत नाही. तो शिकण्यासाठी आणि गावाच्या माहितीसाठी आहे.

तिसरा धडा: बाटलीतली माती, बाटलीतला किडा

पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या एक-दोन मिनिटांत वाळू तळाला बसते, काही तासांत पोयटा बसतो आणि चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. प्रत्येक मुलाने आपापल्या रानातली माती आणावी. दहा बाटल्या ओळीने ठेवल्या की गावची जमीन खिडकीत उभी राहते. कुणाच्या बाटलीत वाळूचा थर जाड, कुणाच्या चिकणमातीचा. मग विचारा, कोणाच्या रानात पाणी लवकर सुटते? पावसाने ओढ दिली तर कोणाचे पीक आधी सुकेल? इथे एरवी मागे बसणारा मुलगाही बोलतो, कारण बाटली त्याच्या रानाची असते.

किड्याचा प्रयोग शेतीशाळेतलाच आहे. शाळेच्या आवारात चार वेल चवळीचे लावा, फवारणी करू नका. मावा आपोआप येतो आणि त्याच्यामागे ढालकिडाही येतो. माव्याची एक फांदी बरणीत ठेवा, मावे मोजा, एक ढालकिडा सोडा आणि तोंडाला फडके बांधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. शेजारी तशीच एक बरणी ढालकिड्याशिवाय ठेवा, म्हणजे मावा आपोआप कमी झाला की खाल्ला गेला, हे कळेल. दोन बरण्या कशासाठी, हा प्रश्न मुलांकडून आला, तर विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम झाला असे समजा.

कपाशीच्या गावात आठवी-नववीची मुले कामगंध सापळ्याचा आलेख काढू शकतात. आकडे शेतकऱ्याने द्यायचे, मुलांनी आलेख काढायचा. सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात. ही रेघ आलेखावर आडवी मारून ठेवली, की आलेख कशासाठी काढतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर्ग कसा चालवावा

गुरुजी आणि बाईंना शिकवावे एवढी माझी योग्यता नाही. पण शेतीशाळेत जे अनुभवाला येते, ते सांगतो.

गट चार-पाच जणांचाच ठेवावा. दहांचा केला की तीन जण काम करतात आणि सात जण गंमत पाहतात. प्रत्येकाला काम वाटून द्यावे: एक मोजणारा, एक लिहिणारा, एक चित्र काढणारा, एक सांगणारा. पुढच्या वेळी कामे बदलावीत. नाहीतर मुली कायम लिहितात आणि मुले कायम सांगतात. आधी अंदाज घ्यावा, मग मोजावे. किती दाणे उगवतील, हे पोराने आधी लिहून ठेवले की गोणपाट उघडताना त्याचे लक्ष दुसरीकडे जात नाही. शेवटची दहा मिनिटे मात्र शिक्षकांचीच. मुलांनी जे पाहिले, त्याला पुस्तकातला शब्द आणि नियम जोडून द्यायचे काम त्यांनाच करावे लागते. ते राहिले तर खेळ झाला, पण धडा झाला नाही.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी शाळा असेल तर ही रीत उलट सोयीची पडते. पाऊस एकच, पण पहिलीतला मुलगा डब्यातले पाणी कपाने मोजतो, तिसरीतला पट्टी वाचतो आणि चौथीतला महिन्याची बेरीज करतो. मोठी मुले लहानांना दाखवतात. दाखवताना त्यांचेही पक्के होते.

परीक्षाही शेतीशाळेसारखी घेता येते. आम्ही मतपेटी चाचणी घेतो. झाडाला खरे रोगट पान किंवा किडा बांधून ठेवायचा, खाली तीन उत्तरांच्या तीन पेट्या ठेवायच्या आणि शेतकऱ्याने आपली चिठ्ठी योग्य पेटीत टाकायची. लिहिता-वाचता न येणाराही चित्रावरून परीक्षा देतो. तिसरी-चौथीच्या मुलांना अशी चाचणी दिली तर भीती जाते आणि खरे काय येते ते कळते.

शंका रास्त आहेत

‘आम्ही पोरांना शाळेत घालतो ते मातीतून सुटावीत म्हणून, आणि तुम्ही पुन्हा मातीतच घालता का?’ असे विचारणारा बाप चुकीचा नाही. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. इथे मुलाला शेतमजूर करायचे नाही. शाळेच्या वेळात निंदणी, वेचणी, गुरुजींच्या घरची कामे किंवा शाळेची झाडलोट म्हणजे शिकणे नव्हे, आणि कुणी तसे करून घेत असेल तर पालकांनी हरकत घ्यावीच. मुलाने मोजावे, लिहावे, विचारावे, अनुमान काढावे, यासाठी माती आणि बियाणे ही हाताशी असलेली साधने आहेत. हेच डोके पुढे इंजिनिअरिंगलाही लागते आणि दवाखान्यातही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाऊस मोजायला किंवा रोपे लावायला वापरू नयेत, कितीही धुतले तरी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरून चालणार नाही. विहिरीच्या काठावर आणि गवताळ बांधावर मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय मुले सोडू नयेत.

तिसरी शंका अभ्यासक्रमाची. ‘पुस्तक कधी संपवायचे?’ असे शिक्षक विचारतात. रोज प्रयोग करा असे कुणी म्हणत नाही. आठवड्याला एक प्रयोग आणि रोजच्या तासाला दोन-तीन चांगले प्रश्न, एवढ्याने सुरुवात होते. शेकडेवारी, सरासरी, आलेख, माती, पाऊस, कीटक हे सगळे पुस्तकात आहेच. तेच गोणपाटावर शिकवायचे. शिक्षकांच्या मागे माहिती भरण्याची आणि कागदपत्रांची कामे किती असतात, हे आम्हाला आमच्यावरून कळते. म्हणून गावाने हात लावल्याशिवाय हे व्हायचे नाही.

ही रीत परकी नाही

हे सगळे बाहेरचे खूळ आहे असे समजू नका. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या शाळांचे शिक्षण व्यवहाराला उपयोगी असावे आणि शेतीच्या धड्यांबरोबर प्रत्यक्ष शिकण्यासाठी एक छोटे नमुना शेत असावे, अशी सूचना केली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी, मुले गुरे राखतात तिथेच कुरणशाळा भरवली. पुणे जिल्ह्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकण्याचा विषय माध्यमिक शाळांपर्यंत नेला.

कायदाही याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलांनी कृती आणि शोधातून शिकावे, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले असून त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. त्या यादीत आपल्या गावचा चांगला शेतकरी का नसावा?

गावाने काय करावे

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. सही करण्यापुरती ती ठेवू नका. पुढच्या बैठकीत एवढे विषय घ्या.

पहिला, शाळेच्या आवारात दोन गुंठ्यांचा तुकडा कुंपण घालून प्रयोगासाठी राखावा. जागा नसेल तर शाळेला लागून रान असलेल्या शेतकऱ्याने दोन ओळी द्याव्यात. दुसरा, पर्जन्यमापकाचा डबा, पट्टी, बरण्या, गोणपाट आणि मोठे कागद एवढ्या सामानाची तरतूद ग्रामपंचायतीने स्वनिधीतून करावी. खर्च एखाद्या सत्काराच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त येणार नाही. तिसरा, महिन्यातून एकदा गावातल्या एका जाणत्या माणसाने वर्गात जावे: बियाणे राखणारी आजी, पंप दुरुस्त करणारा, दूध संकलन केंद्रावर फॅट काढणारा. भाषण करायला नाही, मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला जावे. चौथा, ग्रामसभेत पाच मिनिटे मुलांना द्यावीत. पावसाचा आणि उगवणीचा आलेख त्यांनी सर्वांसमोर मांडावा. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी तो ऐकावा आणि प्रश्न विचारावेत. आपल्या आकड्यावर मोठी माणसे प्रश्न विचारतात, हे कळले की पोरे आकडा दोनदा तपासून आणतात.

आणि तुमच्या गावाला नेमलेल्या कृषी खात्याच्या माणसाला शाळेत बोलवा. उगवण चाचणी, माती आणि मित्रकीटक दाखवायला तो येईल. वेळ आधी सांगा, म्हणजे दौऱ्यात बसवता येतो.

शेतीशाळेत बसलेल्या शेतकऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. ती रीत तुम्ही अनुभवली आहे, ती शिक्षकांना समजावून सांगणारी माणसे तुम्हीच. आज संध्याकाळी घरी मुलाला ‘शाळेत काय शिकवलं?’ असे विचारण्याऐवजी ‘आज तू काय मोजलंस, कुणाला काय विचारलंस?’ असे विचारा. उत्तर आले नाही तर रागावू नका. घरच्या पोत्यातले शंभर दाणे मोजून त्याच्या हातात द्या आणि गोणपाट भिजवायला सांगा.